मिशीची कंटिन्युइटी

तायडे सरांनी शॉर्ट फिल्मच्या जोड्या हजेरीपटावरून लावल्या आणि माझ्या वाट्याला मतीन आला. वर्गात स्वतःचा कॅमेरा असलेला तो एकटाच, त्यामुळे बाकीच्या पोरी मला नशीबवान म्हणाल्या. त्यांचं काय जातंय म्हणायला. मतीनच्या अब्बांचं, म्हणजे गुलाम रसूल यांचं, मोताळ्यात लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे आणि मतीन सातवीपासून नवरदेव शूट करतो. कुठलाही माणूस समोर आला की तो बुटांपासून सुरुवात करतो, हळूहळू चेहऱ्यापर्यंत येतो आणि एडिटिंगमध्ये वरून गुलाबाच्या पाकळ्या पाडतो. पहिल्या टेस्ट शूटला त्याने आमच्या म्हशीवरही पाकळ्या पाडल्या होत्या.

"हे काय हाय बे?" मी विचारलं.

"इफेक्ट हाय."

"म्हैस हाय ते. तिचं लग्न नाही."

"पण चांगली दिसून राह्यली का नाही? खरं सांग."

गोष्ट माझी होती. नाव 'साडेपाचची गाडी'. एक म्हातारा रोज गावच्या फाट्यावर साडेपाचच्या एसटीची वाट बघत बसतो. पोरगा शहरात गेलाय आणि तो परत येईपर्यंत मिशीला पीळ द्यायचा नाही, असं म्हाताऱ्याने ठरवलंय. फिल्ममध्ये त्यातली एकच संध्याकाळ, शेवटी पोरगा गाडीतून उतरतो, म्हातारा मिशीला पीळ देतो, संपली फिल्म. आठ मिनिटं. म्हातारा म्हणून मी माझ्या बाबांना घेतलं. त्यांचं नाव किसनराव, पण तालुक्यात निम्मे लोक त्यांना 'ते मिशीवाले' एवढंच म्हणतात. अभिनय जमला नाही तरी मिशी निभावून नेईल, असा माझा अंदाज होता.

या फिल्मवर माझं फार काही टांगलेलं होतं. कॉलेजचे पन्नास मार्क बाजूलाच ठेवा. पुण्याच्या एका संस्थेत फिल्मचा कोर्स होता आणि अर्जासोबत स्वतः केलेली एक फिल्म पाठवायची होती. तारीख तीच, कॉलेजात जमा करायचा सोमवार. बाबांनी सांगून ठेवलं होतं, "पिक्चर पुरा करून दाखव, मंग पुण्याचं बोलू. अर्धी कामं करनाऱ्यानं गावातच राहाव." म्हणजे मिशी राहिली तर फिल्म, फिल्म झाली तर पुणे.

मतीनशी भांडण तर पहिल्याच दिवशी झालं, ते नावांवरून. दिग्दर्शन 'पुष्पांजली-मतीन' की 'मतीन-पुष्पांजली'? तो म्हणे कॅमेरा माझा, एडिटिंग माझं, लॅपटॉप अब्बांचा. मी म्हणे गोष्ट माझी आणि बापही माझा. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही, मग त्याने तोंड वाकडं करून माझं नाव आधी टाकायचं कबूल केलं. बदल्यात अब्बांच्या दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात येणार होतं.

सरांचा सगळा जोर कंटिन्युइटीवर. "माणूस घरातून निळ्या शर्टात निघाला आणि अंगणात पांढऱ्या शर्टात दिसला, तर प्रेक्षक माफ करणार नाही," असं ते म्हणायचे. स्वतः सर तीन वर्षं एकच चौकड्याचा शर्ट घालत होते, तेव्हा हे बोलायचा अधिकार त्यांना होताच. त्यांनी प्रत्येक जोडीला एक वही ठेवायला लावली. प्रत्येक शॉटला नटाच्या अंगावर काय होतं ते त्यात लिहायचं. मी लिहायची: धोतर, पांढरी टोपी, डाव्या खांद्यावर शेला, मिशी, पीळ नाही.

गुरुवारी शूटिंग सुरू झालं. बाबांनी फाट्यावर बसून नुसती गाडीची वाट बघायची होती, तोंडातून शब्द काढायचा नव्हता. पण आमच्या गावात एखादा माणूस फाट्यावर बसलेला दिसला आणि कोणी विचारपूस न करता पुढे गेला, असं होत नाही.

"कुठं चालले किसनराव?"

"कुठीच नाही गा. पिक्चर चालू हाय. बस, चहा घेऊ."

असे सात टेक. आठव्याला शेजारच्या गोपालच्या बकऱ्या आल्या. बाबांचं वेगळंच चाललं होतं. "मले एक तरी डायलॉग दे वं. मुका मानूस कोन पाह्यते?" मी कट म्हणून ओरडत होते आणि मतीन कॅमेरा बंद करत नव्हता. ती त्याची खोड. लग्नाच्या शूटिंगमध्ये अब्बांनी त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, कोणी पाहुणा शूटिंगमधून सुटला नाही पाहिजे, नाहीतर त्याचा फोन येतो. दोन, लोकांना वाटतं कॅमेरा बंद झाला, तेव्हाच ते खरे दिसतात, म्हणून बंद करायची घाई करायची नाही. मी म्हटलं, मेमरी कार्ड भरते बे. तो म्हणाला, दुसरं हाय.

शुक्रवारी सकाळी रंगराव वारले.

रंगराव म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, वयाने सात वर्षांनी मोठे. आम्ही त्यांना मोठे बाबा म्हणायचो, म्हणजे बोलणं होतं तोवर. दोघं एकाच घरात वाढले. बाबांना नळगंगेत ढकलून पोहायला शिकवलं ते मोठ्या बाबांनीच. मग अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचं, ज्ञानेश्वरदादाचं, लग्न निघालं आणि पत्रिका छापून आली. निमंत्रकांमध्ये एक्केचाळीस नावं होती. त्यात ग्रामसेवक होते, सोसायटीचा शिपाई होता, आदल्या वर्षी वारलेले एक काका होते आणि तीन वर्षांचं एक पोरगंही होतं. बाबांचं नाव नव्हतं. मोठे बाबा म्हणाले, प्रेसवाल्याची चूक. बाबा म्हणाले, प्रेसवाला तुमच्याच घरचा कागद पाहून छापते. मोठे बाबा म्हणाले, नाव नसलं तर तू परका झाला का? बाबा म्हणाले, झालो. झालं, तेवढ्यावर अकरा वर्षं. दोन्ही घरांमध्ये एक गल्ली आणि एक हातपंप.

आता मी जे केलं ते सांगते, आणि ते सांगताना मला माझीच लाज वाटते.

मोठे बाबा गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो मिशीचा. भाऊकीत वडीलधारं माणूस गेलं की दहा दिवस सुतक आणि दहाव्याला नदीवर डोकं आणि मिशी साफ. माझा शेवटचा शॉट राहिला होता. पोराचं काम करणारा आमच्या वर्गातला प्रज्वल पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी अकोल्याला गेलेला, तो पुढच्या आठवड्यातल्या रविवारीच मोकळा होणार होता. मी बोटांवर मोजलं. तो रविवार म्हणजे बरोबर दहावा.

बाबा ओसरीवर बसले होते. आई म्हणाली, "जा ना हो. मेल्या मानसासंग कसलं वैर?" बाबांनी पायाने चप्पल जवळ ओढली. ते उठतात की काय अशी मला भीती वाटली. मी आत गेले, ट्रंकेतून ती पत्रिका काढली. होय, ती अकरा वर्षं आमच्या घरात जपून ठेवलेली होती. मी ती बाबांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही काऊन जा? एक्केचाळीस निमंत्रक हाएत ना त्याईच्याकडं. ते जातीन."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली. बाबांनी पत्रिका उचलली, पालथी घातली, आणि म्हणाले, "आपल्याले काही सुतक-बितक नाही. चाल, कुठं उभं राहू?"

मतीन म्हणाला, "आज राहू दे पुष्पे. बरं नाही दिसत." मी म्हटलं, दिसायचं तू मला शिकवू नको. अख्खं गाव मोठ्या बाबांच्या दारात होतं, त्यामुळे फाटा रिकामा मिळाला. कुठं चालले किसनराव, असं विचारायला कोणी नव्हतं. बाबा एका टेकमध्ये बसले, रस्त्याकडे बघत राहिले, एकदाही कॅमेऱ्यात पाहिलं नाही. लांबून टाळ-मृदंग ऐकू येत होता, त्याने साऊंड खराब होत होता, म्हणून मी चिडून कट म्हटलं. तरी वहीत लिहिलं, शॉट उत्तम.

पुढचे सात दिवस आम्ही शूट केलं. घरात आई माझ्याशी मोजकंच बोलत होती. वरण बिनफोडणीचं, भाजी उकडलेली. माझ्यावरचा राग ती स्वयंपाकावर काढतेय असं मला वाटलं आणि मी मुकाट जेवत राहिले. बाबा मात्र ठरलेल्या वेळी टोपी घालून हजर. डायलॉग मागणं त्यांनी सोडून दिलं होतं. नट म्हणून त्यांच्यात सुधारणा होतेय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शनिवारी सकाळी मोताळ्याला मतीनच्या दुकानात एडिटिंगला बसलो. बाहेर अब्बा एका नवरीच्या अल्बममधून नको असलेला मावसा काढत होते. मतीनने एक शॉट लावला, त्यापुढे दुसरा लावला, आणि थांबला.

"वही पाह्य बरं. पहिल्या गुरुवारी दाढी होती का?"

"दाढीचं काही नाही लिहिलं. काऊन?"

त्याने दोन्ही शॉट शेजारी शेजारी लावले. पहिल्या गुरुवारी बाबांची हनुवटी तुळतुळीत. सोमवारी पांढरे खुंट. बुधवारी अजून जास्त. कालच्या शॉटमध्ये तर चांगली वाढलेली दाढी. आमचे बाबा एक दिवसाआड दाढी करणारे. मिशी उठून दिसावी म्हणून गाल साफ ठेवणारा माणूस. आठ दिवस मी त्यांच्या तोंडासमोर वही घेऊन उभी होते आणि शेला कोणत्या खांद्यावर आहे तेवढंच बघत होते.

"गेली कंटिन्युइटी," मी म्हटलं.

"कंटिन्युइटी मरू दे. हे पाह्य." त्याने मोठे बाबा गेले त्या शुक्रवारचा शॉट लावला. बाबा बसलेत, लांबून टाळ वाजतायत, मागून माझा आवाज येतो, कट. आणि कॅमेरा नेहमीप्रमाणे चालूच. मी फ्रेम ओलांडून निघून जाते. बाबा इकडे तिकडे बघतात. उठून टाळ जिकडे वाजत होते तिकडे वळतात, टोपी काढतात आणि हात जोडतात. बराच वेळ तसेच उभे राहतात. मग टोपी घालतात आणि पुन्हा जागेवर येऊन बसतात, माझा पुढचा शॉट राहू नये म्हणून.

"तुहे बाबा सुतक पाळून राह्यले," मतीन म्हणाला. "आमच्यात नसते तसं, पन मले कळते ना एवढं. घरात काही वेगळं नाही दिसलं तुले?"

तेव्हा मला वरण आठवलं. सुतकात फोडणी देत नाहीत. आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, दोघांनी मिळून पाळलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं, कारण मला शूटिंग करायचं होतं. मी तिथेच दुकानात रडले. अब्बा आत आले, लॅपटॉपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मतीनला म्हणाले, "कुछ डिलीट किया क्या बे?"

घरी जाऊन बाबांना काहीतरी बोलायचं ठरवलं होतं. ते बैलांना कडबा टाकत होते. माझ्या तोंडून काय निघालं, तर "बाबा, उद्या साडेपाचले शेवटचा शॉट हाय." ते म्हणाले, "हाव, ध्यानात हाय." मिशीबद्दल मी विचारलं नाही. राहावी असं वाटत होतं आणि ते वाटणं जात नव्हतं. खोटं कशाला सांगू?

रविवारी उठले तेव्हा बाबा घरात नव्हते. मी स्कूटी काढली, मतीनला फोन केला आणि दोघंही नळगंगेच्या पुलावर जाऊन उभे राहिलो. खाली काठावर भाऊकीतले पुरुष ओळीने बसले होते, न्हावी एकेकाचं डोकं करत होता. ज्ञानेश्वरदादाचं झालं होतं. बाबा बाभळीखाली, सगळ्यांपासून पंधरा पावलं लांब उभे. कोणी त्यांना बोलवत नव्हतं आणि कोणी जा पण म्हणत नव्हतं. न्हाव्याने शेवटचा माणूस संपवला, वस्तरा पुसला आणि सामान आवरायला घेतलं. तेव्हा बाबा आले आणि त्याच्यासमोर खाली बसले. डोकं झालं. न्हाव्याचा हात थांबला. त्याने काहीतरी विचारलं असावं, कारण बाबांनी बोटाने मिशी दाखवली. दोन हात मारले आणि गेली. पुणे पण गेलं, असं मला वाटलं, आणि तरी मी पुलावर उभी राहून त्यांच्याकडेच बघत होते. ज्ञानेश्वरदादाने येऊन त्यांच्या डोक्यावर तांब्याने पाणी घातलं. पिंडाला कावळा पहिल्या फटक्यात शिवला. कावळ्याला मानापानाचं काही नसतं.

मतीनचा कॅमेरा खांद्यावरच्या बॅगेतच होता. मी विचारलं, "काऊन नाही काढला?"

"लग्न नाही हे," तो म्हणाला.

साडेपाचला मी फाट्यावर फक्त प्रज्वलला सांगायला गेले की शॉट रद्द. बघते तर बाबा बसलेले. तेच धोतर, तोच शेला डाव्या खांद्यावर. टोपी आता सैल होऊन कानापर्यंत येत होती. मिशीच्या जागची कातडी बाकी चेहऱ्यापेक्षा गोरी दिसत होती. मी माझ्या बापाचा वरचा ओठ जन्मात पहिल्यांदा पाहिला.

"चाल," ते म्हणाले. "कुठं उभं राहू?"

"बाबा, मिशीच नाही तर पीळ कशाले देसान?"

"गाडी तर येईन ना? मी कबूल केलं होतं, बसीन म्हणून. तू तुहं काम कर."

साडेपाचची गाडी नेहमीप्रमाणे सहा वाजून दहा मिनिटांनी आली. प्रज्वल उतरला. बाबा उठले, दोन पावलं पुढे गेले, आणि पन्नास वर्षांच्या सवयीने त्यांचा उजवा हात वर गेला. बोटं ओठावर आली. तिथे काही नव्हतं. हात तिथेच थांबला. प्रज्वल स्क्रिप्ट विसरला आणि बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पहिल्या दिवसापासून मागत होते तो डायलॉग स्वतःच बोलून टाकला. "लय उशीर झाला बे."

ते प्रज्वलला म्हणाले असतील, असं समजायला माझी हरकत नव्हती. मी कट म्हटलं नाही. मतीनने तर नाहीच.

सोमवारी सकाळी सात वाजता दुकान उघडून आम्ही सगळे शॉट उलगडले आणि दाढीप्रमाणे नव्याने लावले. आधी तुळतुळीत, मग खुंट, मग वाढलेली, आणि शेवटी सफाचट. एका संध्याकाळची गोष्ट दहा दिवसांची झाली. शुक्रवारचा कटनंतरचा तुकडा मधे घातला, टाळांसकट. एकही पाकळी पाडायची नाही, असं मतीननेच सांगितलं.

फिल्म कोणालाही दाखवायच्या आधी बाबांना विचारायचं, यावर आमचं भांडण झालं नाही. दुपारी घरी येऊन तो शुक्रवारचा तुकडा घातल्याचं त्यांना सांगितलं आणि फिल्म लावली. बाबांनी अर्ध्या मिनिटात ती थांबवायला लावली, लॅपटॉप काखेत मारला आणि वायर लोंबत असताना गल्ली ओलांडून मोठ्या बाबांच्या घरात शिरले. आम्ही मागे. आत मोठी आई, म्हणजे झुंबरबाई, भिंतीला टेकून बसली होती. बाबांनी लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, पोरीनं केलं. पाहून घे. नको म्हनशीन तर नाही पाठवत."

तिने आणि ज्ञानेश्वरदादाने आठ मिनिटं पाहिलं. हात जोडण्याच्या जागी मोठ्या आईने पदर तोंडाला लावला. शेवटी एवढंच म्हणाली, "त्या दिवशी आला होता म्हना तुमी. मले वाटे, नाही आला." मग मला म्हणाली, "पाठव."

पडद्यावर नावं यायला लागली. कथा आणि दिग्दर्शन, पुष्पांजली-मतीन. कलाकार, किसनराव, प्रज्वल. खाली दुकानाचं नाव, एवढं मोठं की पाहुण्यांना घरबसल्या पत्ता कळावा.

"थांबव," बाबा म्हणाले. "एक नाव राह्यलं."

"कोणाचं?"

"रंगादादाचं."

"बाबा, ते फिल्ममध्ये नाहीत."

"काऊन नाहीत? दाढी कोनासाठी वाढली? मिशी कोनासाठी गेली? मानसाचं नाव राहू नाही देत कुठी. तुले सांगून राह्यलो, नाव राह्यलं का लय दिवस लागते मंग."

ज्ञानेश्वरदादा मान खाली घालून बसला होता. मी टाईप करायला लागले, पण पडद्यावर जागा पुरेना. मतीनने माझ्या हातातून लॅपटॉप घेतला. आमची दोघांची नावं, ज्यांच्यावरून आम्ही दोन दिवस बोललो नव्हतो, खाली ढकलली. अब्बांच्या दुकानाचं नाव मुंगीएवढं केलं. मोकळ्या झालेल्या जागेत सगळ्यात वर रंगराव आलं. बाबांनी ते तीन वेळा वाचलं.

उठताना ते मला म्हणाले, "पुण्याले कधी जाचं हाय? तेरवी झाल्यावर जाय. तोवर हातपंपावरून पानी आनून दे इथं."

संध्याकाळी पाचच्या आत पुण्याला फिल्म पाठवून आम्ही सरांच्या केबिनमध्ये उभे होतो. सरांनी फिल्म बघितली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग शेवटच्या नावांवर थांबले.

"छान आहे. पण हे रंगराव कोण? पहिलंच नाव, आणि पुढे काम काही लिहिलेलं नाही. यांनी काय केलं?"

 मतीन म्हणाला, "सर, याईनं कंटिन्युइटी सांभाळली."